काळ्या अक्रोडाचे शेजारी

कॅनडातील दक्षिण ऑंटारिओपासून फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत आणि पश्चिमेस साउथ डकोटा व मध्य टेक्सासपर्यंत पसरलेल्या उत्तर अमेरिकेच्या पानझडी अरण्यांत काळा अक्रोड हा वृक्ष निसर्गतः वाढतो. नदीकाठची खोल, सुपीक, ओलावा टिकवणारी पण पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन त्याला विशेष मानवते आणि अशा जमिनीत तो २५ ते ३० मीटरांची उंची सहज गाठतो. त्याचे गडद तपकिरी लाकूड फर्निचरासाठी आणि बंदुकांच्या दस्त्यांसाठी फार पूर्वीपासून नावाजलेले आहे, आणि जाड कवचातून कष्टाने काढावा लागणारा त्याचा गर चवीला उग्र असला तरी आवडीने खाल्ला जातो. तरीही बागकाम करणाऱ्यांमध्ये या वृक्षाची ख्याती आहे ती वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या मुळांच्या टप्प्यात लावलेली काही झाडे, त्यांत सर्वांत आधी टोमॅटो, ऐन वाढीच्या दिवसांत अचानक माना टाकतात आणि कितीही पाणी घातले तरी सावरत नाहीत. त्याच जागी दुसरी काही झाडे मात्र वर्षानुवर्षे निरोगी राहतात. कोणती झाडे या वृक्षाचा शेजार सोसतात, कोणती सोसत नाहीत आणि या दोहोंतील फरक कशामुळे पडतो, याचा विचार केल्याशिवाय अशा जागी बाग आखणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय.

मराठी वाचकाच्या परिचयाचा अक्रोड, म्हणजे काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथून बाजारात येणारा पातळ कवचाचा अक्रोड, हा काळ्या अक्रोडाच्याच प्रजातीतील असला तरी त्याची जात वेगळी आहे. हिवाळ्यात दीर्घ काळ कडक थंडी मिळाल्याशिवाय तो नीट फुलत-फळत नाही, म्हणून महाराष्ट्रात त्याची लागवड होत नाही. आपल्याकडे ज्याला रानअक्रोड म्हणतात तो वृक्ष एरंडाच्या कुळातील असून त्याचा खऱ्या अक्रोडाशी काही संबंध नाही. थोरला प्लिनी या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकाराने अक्रोडाची सावली इतर वनस्पतींना विषारी ठरते, अशा आशयाची नोंद केली आहे ती या पातळ कवचाच्या अक्रोडाविषयी. वस्तुतः या जातीत उपद्रवी द्रव्याचे प्रमाण काळ्या अक्रोडाच्या मानाने बरेच कमी असते. मात्र कॅलिफोर्नियात या अक्रोडाची कलमे अमेरिकी काळ्या अक्रोडांच्या किंवा त्यांच्या संकरांच्या खुंटांवर बांधण्याची पद्धत रूढ आहे, त्यामुळे वरचे झाड एका जातीचे आणि जमिनीतील मुळे दुसऱ्या जातीची, अशी स्थिती असते आणि शेजारच्या झाडांचा संबंध शेवटी मुळांशीच येतो.

काळ्या अक्रोडाविषयीची शास्त्रीय चर्चा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. विस्कॉन्सिन राज्यात १८८१ साली स्टिकनी आणि हॉय यांनी या वृक्षाखालची वनस्पती इतर वृक्षांखालच्या मानाने विरळ असल्याची नोंद केली. त्यानंतर १९२५ साली मॅसी या संशोधकाने टोमॅटो व लसूणघास या दोन पिकांवरील परिणाम बारकाईने तपासला आणि अक्रोडाची मुळे जेथवर पोहोचतात साधारण तेथवर ही झाडे सुकतात, असे दाखवले. हा दोष सावलीचा नसून मुळांचा आहे, हे ओळखणे ही त्या काळात मोठीच पायरी होती. पुढे १९२८ साली डेव्हिस याने या विषारी द्रव्याची ओळख जुगलोन या रसायनाशी पटवली आणि प्रयोगशाळेत तयार केलेले जुगलोन टोमॅटो व लसूणघासाच्या झाडांत सोडून त्याचा घातक परिणाम सिद्ध केला. एका वनस्पतीने निर्माण केलेल्या रसायनाचा दुसऱ्या वनस्पतीच्या वाढीवर परिणाम होणे या घटनेला ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश याने १९३७ साली ॲलेलोपॅथी हे नाव दिले, आणि तेव्हापासून काळा अक्रोड हे या घटनेचे पाठ्यपुस्तकांतील ठरीव उदाहरण होऊन बसले. महाराष्ट्राला ही घटना अपरिचित नाही. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत पार्थेनिन नावाच्या द्रव्याच्या साहाय्याने आजूबाजूच्या वनस्पतींची उगवण व वाढ रोखते, आणि ज्वारीच्या मुळांतून झिरपणारे सॉर्गोलिओन हे द्रव्यही तणांना मागे हटवणारे म्हणून ओळखले जाते.

जुगलोन हे नॅफ्थोक्विनोन या गटातील पिवळसर-नारिंगी रंगाचे द्रव्य आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. मेंदीच्या पानांतील लॉसोन या रंगद्रव्यातही नेमके एवढेच आणि हेच अणू असतात. फरक असतो तो एका हायड्रॉक्सिल गटाच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या, जागेचा. अक्रोडाच्या हिरव्या फळसाली सोलणाऱ्याची बोटे कित्येक दिवस तपकिरी राहतात आणि मेंदीचा रंग तळव्यांवर आठवडाभर टिकतो, या दोन गोष्टींमागचे रसायनशास्त्र एकमेकांच्या इतके जवळचे आहे. आयुर्वेदात प्रसिद्ध असलेल्या चित्रकाच्या मुळांतील प्लम्बाजिन हे तीव्र द्रव्य तर जुगलोनच्याच रेणूला एक मिथिल गट जोडून बनलेले असते. जिवंत अक्रोडात हे द्रव्य बहुतांशी हायड्रोजुगलोन या रंगहीन व निरुपद्रवी रूपात असते. पेशी फुटून त्याचा हवेशी किंवा इतर ऑक्सिडीकारक द्रव्यांशी संबंध आला की त्याचे जुगलोनमध्ये रूपांतर होते. झाडाच्या सर्व भागांत ते आढळत असले तरी कळ्या, फळांच्या साली आणि मुळे यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, पाने व कोवळ्या फांद्या यांत त्या मानाने कमी. पावसाच्या थेंबांबरोबर ते पानांवरून खाली उतरते, गळलेली पाने आणि फळे कुजताना जमिनीत मिसळते आणि मुळांतून थेट मातीत जाते.

संवेदनशील वनस्पतीच्या मुळांत जुगलोन शिरले की ते पेशींच्या श्वसनात, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याच्या क्रियेत, अडथळा आणते. मका आणि सोयाबीन यांच्या मुळांवर झालेल्या प्रयोगांत असेही दिसले आहे, की पेशीच्या पटलावरील ज्या विकरामुळे मुळे पाणी व क्षार शोषू शकतात त्याचे कार्य जुगलोनमुळे मंदावते. जमिनीत भरपूर ओल असताना झाड तहानलेले दिसते त्याचे कारण यात आहे. बाधित टोमॅटोची पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, भर दुपारी संपूर्ण झाड लोळते आणि त्याचे खोड उभे चिरले तर आतील जलवाहिन्या तपकिरी झालेल्या दिसतात. फ्युजेरियम आणि व्हर्टिसिलियम या बुरशींमुळे होणाऱ्या मर रोगाची लक्षणेही जवळपास अशीच असल्याने केवळ झाडाकडे पाहून निदान करणे धोक्याचे ठरते. शेजारी अक्रोड आहे काय, त्याची मुळे वाफ्यापर्यंत पोहोचली आहेत काय, हे खणून पाहणे आवश्यक असते.

जुगलोन पाण्यात फारच थोड्या प्रमाणात विरघळते, त्यामुळे ते मातीतून स्वतःहून दूर जात नाही, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे. मूळ जेथे असेल त्याच्या अगदी लगतच्या मातीत त्याचे प्रमाण जास्त असते आणि थोड्या अंतरावरच ते झपाट्याने घटते. शिवाय जमिनीतील काही जिवाणू जुगलोनवरच गुजराण करतात. स्यूडोमोनास प्रजातीचा असा एक जिवाणू अक्रोडाखालच्या मातीतूनच वेगळा काढण्यात आला आहे. सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध, मोकळ्या आणि हवेशीर मातीत असे जिवाणू भरपूर असतात व तेथे जुगलोन लवकर नष्ट होते. याउलट चिकण, पाणी साचून राहणाऱ्या, हवा न खेळणाऱ्या मातीत ते अधिक काळ टिकून राहते. फिशर याने १९७८ साली पाइन वृक्षांवर केलेल्या अभ्यासातही ओल्या जमिनीत जुगलोनचा परिणाम दिसला आणि कोरड्या जमिनीत तो नाहीसा झाला. अलीकडच्या संशोधनाने या चित्रात आणखी एक धागा आणला आहे: मुळांशी सहजीवन साधणाऱ्या मायकोरायझा या बुरशींचे सूक्ष्म तंतू मातीतून जुगलोन वाहून नेऊ शकतात, असे २०१४ साली टोमॅटोवर केलेल्या क्षेत्रीय प्रयोगात आढळले. तेव्हा अक्रोडापासूनचे एकच अंतर सर्वत्र सुरक्षित मानता येत नाही. पूर्ण वाढलेल्या वृक्षासाठी साधारणतः खोडापासून १५ ते १८ मीटरांचा परिसर धोक्याचा मानतात आणि मोठ्या वृक्षांच्या बाबतीत ही मर्यादा २४ मीटरांपर्यंत धरतात. परंतु मुळे पर्णसंभाराच्या कडेपलीकडेही बरीच जात असल्याने खणून पाहिलेल्या मुळांचा पुरावा कोणत्याही आकड्याहून अधिक विश्वासार्ह ठरतो.

अमेरिकेतील कृषी विद्यापीठांच्या विस्तार विभागांनी काळ्या अक्रोडाजवळ लावण्यायोग्य आणि टाळण्यायोग्य वनस्पतींच्या लांबलचक याद्या प्रसिद्ध केलेल्या आहेत व बागकाम करणारे बहुतेक लोक त्यांवरच विसंबतात. या याद्या उपयुक्त आहेत, परंतु त्या कशा तयार झाल्या हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचा उपयोग विवेकाने करता येत नाही. त्यांतील फारच थोड्या वनस्पती नियंत्रित प्रयोगांत तपासल्या गेल्या आहेत. बहुतेक नोंदी कोणत्या अक्रोडाखाली काय जगले आणि काय मेले, या प्रत्यक्ष निरीक्षणांतून आलेल्या आहेत. ब्रूक्स याने १९५१ साली वेस्ट व्हर्जिनियातील शेकडो अक्रोडांखालच्या वनस्पतींची केलेली पाहणी हा अशा निरीक्षणांचा एक मोठा आधार आहे. निरीक्षणाला मोल आहेच, पण मेलेले झाड कशाने मेले हे निरीक्षण सांगत नाही. ॲझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरी यांना आम्ल माती लागते, तर काळा अक्रोड उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी जमिनीत उत्तम वाढतो. त्यामुळे ही झुडुपे अक्रोडाजवळ खुरटतात तेव्हा त्यात जुगलोनचा वाटा किती आणि मातीच्या प्रकृतीचा किती, हे यादी उलगडून दाखवू शकत नाही. पाण्याबाबतही असेच घडते. इंडियाना राज्यात अक्रोडाच्या ओळींमध्ये मका घेऊन झालेल्या अभ्यासांत झाडांलगतच्या मक्याचे उत्पन्न घटले, परंतु जमिनीत प्लास्टिकचे उभे अडथळे घालून दोहोंची मुळे अलग केल्यावर मका सुधारला आणि पाण्यासाठीची स्पर्धा हे या घटीचे प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला. विशेष म्हणजे पोषकद्रव्यांच्या पाण्यात वाढवलेला मका जुगलोनला बळी पडतो, पण शेतातील मका बहुतेक याद्यांत सहनशील म्हणून नोंदलेला असतो. प्रयोगशाळेतील पाण्यात माती नसते, तिच्यातील जिवाणू नसतात आणि सेंद्रिय कणही नसतात. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी २०१९ साली हा सर्व पुरावा तपासून, बागेच्या प्रत्यक्ष परिस्थितीत जुगलोनमुळे झाडे मरतात हे पुरेसे सिद्ध झालेले नाही, अशी भूमिका मांडली आहे. ही भूमिका स्वीकारली तरी टोमॅटोचे सुकणे खोटे ठरत नाही. मात्र प्रत्येक अपयशाचे खापर एकाच रसायनावर फोडण्याची सवय सोडावी लागते, आणि झाडे निवडताना जुगलोनइतकाच विचार सावलीचा, ओलाव्याचा व मातीच्या आम्लतेचा करावा लागतो.

याद्यांहून अधिक भरवशाचा एक मार्गदर्शक उपलब्ध आहे, तो म्हणजे काळा अक्रोड ज्यात वाढला ते अरण्य. हजारो वर्षे ज्या वनस्पती त्याच्या मुळांमध्ये मुळे गुंतवून जगल्या, त्यांची सहनशीलता कोणत्याही प्रयोगाहून दीर्घ कसोटीला उतरलेली आहे, आणि ज्या जमिनीत हा वृक्ष वाढतो तीच जमीन त्यांनाही मानवते. या वृक्षाची पालवी वसंतात इतर वृक्षांच्या मागून फुटते आणि शरदात सर्वांच्या आधी गळते, शिवाय संयुक्त पानांमुळे त्याची सावली दाट न होता चाळणीतून आल्यासारखी विरळ पडते. म्हणून वसंतारंभी काही आठवडे ऊन घेऊन फुलणाऱ्या वनफुलांना त्याच्याखाली उत्तम संधी मिळते; त्यांतील काही उन्हाळ्यात पानांसह लुप्त होतात. ट्रिलियम, ब्लडरूट, मेॲपल, निळ्या फुलांचे व्हर्जिनिया ब्लूबेल, रानटी जिरेनियम आणि सॉलोमन्स सील ही वसंतातील अशा वनफुलांची ठळक नावे आहेत. जॅक-इन-द-पल्पिट ही तेथील वनस्पती आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली आहे आणि तिचा फणा उभारल्यासारखा मोहोर पाहिला की सह्याद्रीत पावसाळ्यात उगवणाऱ्या सापकांद्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या जोडीला ख्रिसमस फर्नसारखे नेचे व जमिनीलगत पसरणारे रानटी आले लावले, तर उन्हाळ्यातही जमीन उघडी पडत नाही.

त्याच अरण्यातील मधल्या थरात, म्हणजे उंच वृक्षांच्या छत्राखाली वाढणाऱ्या झुडुपांत आणि लहान वृक्षांत, निवडीला आणखी वाव आहे. पॉपॉ हा सीताफळाच्या कुळातील लहान वृक्ष नदीकाठच्या ओलसर जमिनीत वाढतो आणि त्याला मऊ गराची गोड फळे येतात. अमेरिकी पर्सिमन हा आपल्या टेंभुर्णीचा सख्खा आप्त असून तोही काळ्या अक्रोडाचा शेजार सोसतो. कांचन व आपटा यांच्या नात्यातील रेडबड वसंतात पाने येण्यापूर्वी गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जातो, आणि दालचिनीच्या कुळातील स्पाइसबुश हे सुगंधी पानांचे झुडूप अर्ध्या सावलीत तक्रार न करता वाढते. अमेरिकी एल्डरबेरी, विच हेझल, काळी रास्पबेरी आणि व्हर्जिनिया क्रीपर ही वेल यांचाही समावेश येथेच होतो. ज्या घरमालकाला अक्रोडाखाली फळेही हवी आहेत आणि सौंदर्यही, त्याने परदेशी शोभेच्या झुडुपांच्या मागे लागण्यापूर्वी या यादीचा विचार करावा, असे ठामपणे सुचवता येते.

मोठ्या वृक्षांच्या बाबतीत नुसत्या कुळावरून वा प्रजातीवरून अनुमान काढणे घातक ठरते. बहुतेक मेपल सहनशील आहेत, पण सिल्व्हर मेपल संवेदनशील मानला जातो; बहुतेक ॲझेलिया खुरटतात, पण पिंक्स्टरब्लूम ही देशी जात तग धरते. ओक, हिकरी आणि पूर्वेकडील रेड सीडर यांना सहसा अडचण येत नाही. सफेद बर्च, सफरचंद, लाल व पांढरा पाइन, लार्च यांना ती येते. लायलॅक, प्रिव्हेट आणि पिओनी ही बागांतील लोकप्रिय झुडुपे व फुलझाडेही बहुतेक ठिकाणी टाळण्याच्या यादीत आढळतात. आज निरोगी असलेले झाड उद्याही निरोगी राहील, असेही नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात अक्रोडाच्या लागवडीत जमिनीला नत्र मिळावे म्हणून युरोपीय ऑल्डर ही झाडे मुद्दाम मिसळून लावण्यात आली होती. हवेतील नत्र मातीत स्थिर करणारी ही झाडे काही वर्षे जोमाने वाढली, अक्रोडालाही त्यांचा लाभ झाला, आणि मग लागवडीनंतर ८ ते १३ वर्षांच्या काळात ती मरू लागली. दोन्ही झाडांच्या मुळांची जाळी एकमेकांत शिरायला आणि मातीत जुगलोन साठायला तेवढा काळ लागला होता. त्यामुळे कोवळ्या अक्रोडाजवळ एखादे झुडूप तीन वर्षे टिकले एवढ्यावरून ते सहनशील आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल.

भाजीपाल्याचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, कारण अक्रोडाशी लोकांची पहिली गाठ बहुधा तेथेच पडते. ओहायो, इलिनॉय, मिशिगन, न्यू जर्सी या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसबागेत उन्हाळ्यात जे हमखास लावले जाते, ते टोमॅटो, वांगी, मिरची आणि ढोबळी मिरची, हे सारे एकाच कुळातले. बटाटाही त्याच कुळाचा, आणि काळ्या अक्रोडाला सर्वाधिक बळी पडणारे म्हणून हेच कूळ प्रसिद्ध आहे. कोबी, ऱ्हुबार्ब आणि शतावरीच्या प्रजातीतील ॲस्परॅगस ही भाजी यांनाही दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. याउलट कांदा, लसूण, लीक, बीट, गाजर, मका, घेवड्याचे प्रकार, लाल भोपळ्याच्या वर्गातील वेल आणि खरबूज यांची नोंद सहनशील म्हणून झालेली आहे. अर्थात यांतील बहुतेक भाज्यांना दिवसाकाठी सहा तास तरी थेट ऊन लागते, आणि ऊन नसेल तर जुगलोन सोसूनही गाजर पोसणार नाही. म्हणून वाफा अक्रोडाच्या दक्षिण बाजूस, त्याच्या सावलीबाहेर आणि शक्य तितक्या अंतरावर असावा. जेथे अंतर ठेवणेच शक्य नाही तेथे टोमॅटो व मिरची मोठ्या कुंड्यांत लावावी किंवा जमिनीवर चौकट उभारून केलेल्या उंच वाफ्यात. मात्र अशा वाफ्याच्या तळाशी मुळांना अडवणारे पण पाणी झिरपू देणारे कापड अंथरणे अत्यावश्यक आहे, कारण चांगल्या खतमातीकडे अक्रोडाची मुळे एक-दोन हंगामांतच वर चढतात आणि मग सारा खटाटोप व्यर्थ जातो. वाफ्यात पडणारी पाने व फळे वेळच्या वेळी उचलावीत. खारी ही फळे मातीत पुरून ठेवतात आणि विसरतात. त्यांतून उगवलेली रोपे पहिल्याच वर्षी उपटून काढणे सोपे असते, कारण नंतर त्यांचे सोटमूळ खोल जाते.

हिरवळीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. केंटकी ब्लूग्रास हे गवत काळ्या अक्रोडाखाली केवळ जगतेच असे नाही, तर अनेक ठिकाणी इतर जागांहून अधिक जोमदार दिसते, आणि अशा कुरणांत गुरे चारण्याची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. फुलझाडांपैकी झेंडू, झिनिया, डे-लिली, होस्टा, बी-बाम आणि बहुतेक ॲस्टर बिनधास्त लावता येतात; पेट्यूनिया मात्र टोमॅटोच्याच कुळातील असल्याने टाळावा.

अक्रोडाची पाने खत करण्यास निरुपयोगी असतात ही समजूत चुकीची आहे. हवा, पाणी आणि जिवाणू यांच्या संयोगाने पानांतील जुगलोन साधारण दोन ते चार आठवड्यांत विघटित होते, म्हणून व्यवस्थित उलथापालथ केलेल्या ढिगातील पूर्ण कुजलेले खत वापरण्यास हरकत नसते. तरीही खबरदारी म्हणून ते टोमॅटोच्या रोपांना न घालता इतरत्र घालावे. सालीचे व लाकडाचे तुकडे आच्छादनासाठी वापरायचे असल्यास ते किमान सहा महिने कुजवावेत. या लाकडाचा ताजा भुसा घोड्यांच्या तबेल्यात कधीही अंथरू नये; त्यामुळे घोड्यांच्या खुरांना तीव्र दाह होऊन ते लंगडे होतात, आणि ही बाधा अवघ्या काही तासांतही दिसू शकते.

अक्रोडच तोडून टाकावा म्हणजे प्रश्न सुटेल, असे वाटणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी एक वस्तुस्थिती स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. झाड तोडले तरी जमिनीतील मुळे राहतात, ती कुजताना जुगलोन मातीत सोडत राहतात आणि हा परिणाम कित्येक वर्षे टिकू शकतो. सर्व मुळे खणून काढणे तर बहुतेक अंगणांत शक्यच नसते. ज्या वृक्षाला पूर्ण वाढीस अर्धे शतक लागते, जो पक्ष्यांना व खारींना आसरा देतो आणि ज्याच्याखाली डझनावारी सुंदर वनस्पती आनंदाने वाढतात, तो मिरचीच्या चार रोपांसाठी तोडणे हा अविचार आहे. ज्यांच्या अंगणात काळा अक्रोड उभा आहे त्यांनी वसंतात रोपे विकत घेण्यापूर्वी एक दिवस कुदळ घेऊन त्याची मुळे कुठवर आली आहेत ते पाहावे, त्या सीमेच्या आत अरण्यातील वनस्पतींना जागा द्यावी, भाज्या तिच्या बाहेर न्याव्यात, आणि कोणते झाड कोणत्या वर्षी, खोडापासून किती अंतरावर, कशा मातीत लावले व त्याचे पुढे काय झाले, याची नोंद एका वहीत नेमाने ठेवावी.